घरी येऊन दिली जाणारी साहाय्यसेवा : एक परीक्षण

माझ्या मोठ्या भावाच्या मज्जारज्जूला मानेच्या पातळीवर इजा झालेली आहे आणि त्याच्या दैनंदिन गरजांसाठी आम्ही गेली काही वर्षे घरी मदतनीस पाठवणाऱ्या एका संस्थेची सेवा घेत आहोत. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण येथे सांगितलेले बहुतेक गुणदोष त्या एका संस्थेपुरते नाहीत; अशा सेवा ज्या पद्धतीने उभ्या राहतात त्या पद्धतीतूनच ते येतात आणि दुसरी संस्था निवडणाऱ्यालाही कोठे ना कोठे भेटतील. माझे मत आधीच सांगते. शरीराची काळजी घेण्यात ही सेवा उत्तम आहे, माणसांच्या सातत्यात मध्यम आहे, आणि ज्याच्यासाठी ती आहे त्याला विचारून चालण्यात कच्ची आहे. भावाने हा मजकूर वाचलेला आहे आणि त्याच्या शरीराविषयीचे कोणते तपशील द्यायचे, कोणते गाळायचे, हे त्याने ठरवले आहे.

इजा मानेच्या सहाव्या पातळीची असल्यामुळे त्याचे खांदे, कोपर वाकवणारे स्नायू आणि मनगट उचलण्याची शक्ती शाबूत आहे. बोटे मात्र स्वतःहून मिटत नाहीत आणि छातीच्या खाली संवेदना नाही. मनगट मागे वळवले की बोटे आपोआप थोडी आवळली जातात. त्या आधारावर तो पेला धरतो, हाताला बांधलेल्या पट्टीत पेन अडकवून सही करतो, विजेवर चालणारी व्हीलचेअर चालवतो आणि संगणकावर आपली नोकरी करतो. अंथरुणातून खुर्चीत येणे, आंघोळ, शौच, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) निगा आणि रात्री कूस बदलणे यांसाठी त्याला दुसऱ्याचे हात लागतात. विचार, वाचा आणि व्यवहार पूर्णपणे त्याचे. काही हालचाली तेवढ्या उसन्या. हा फरक सेवा देणाऱ्याला अगदी सुरुवातीला कळला पाहिजे, आणि पुढचे बरेचसे परीक्षण तो कितपत कळला याविषयीचे आहे.

सेवा सुरू होण्यापूर्वी संस्थेची परिचारिका घरी येऊन सविस्तर नोंदी करून गेली. वजन, औषधे, त्वचेची स्थिती, जुन्या जखमांच्या जागा, लघवीच्या संसर्गाचा इतिहास, पलंगाची उंची, दाराची रुंदी, न्हाणीघरातील उतार असे सगळे तिने पाहिले, मोजले आणि लिहून घेतले. या कामात तिचा हात धरणारा सहज मिळणार नाही. परंतु सहा पानांच्या त्या अर्जात भाऊ दिवसभर काय करतो, किती वाजता कामाला बसतो, कोणाला भेटायला जातो, कोणती गोष्ट त्याला स्वतःच्या हाताने करायची आहे मग तिला कितीही वेळ लागो, याविषयी एकही रकाना नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मान्य केलेल्या कार्यक्षमता, अपंगत्व आणि आरोग्य यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शरीराच्या स्थितीइतकेच महत्त्व माणसाच्या कृतींना, त्याच्या सामाजिक सहभागाला आणि भोवतालच्या परिस्थितीला दिलेले आहे. पायऱ्या असलेल्या इमारतीत जो माणूस अडकून पडतो, तोच उतरत्या वाटेच्या इमारतीत एकटा बाहेर पडतो. शरीर बदललेले नसते. संस्थेच्या अर्जाने न्हाणीघराचा उतार मोजला, पण त्या उतारावरून माणसाला कोठे जायचे आहे हे विचारले नाही. ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांना मी सुचवेन की, पाहणीच्या वेळी आपल्या दिवसाचे वेळापत्रक स्वतः लिहून द्यावे आणि ते करारासोबत जोडून घ्यावे. नाहीतर आंघोळीची वेळ मदतनिसाच्या पाळीवरून ठरते आणि मग नोकरीची वेळ आंघोळीवरून.

आता चांगली बाजू, आणि ती खरोखरच चांगली आहे. मज्जारज्जूची इजा असलेल्या माणसाच्या बाबतीत सर्वांत चिवट धोका शय्याव्रणाचा, म्हणजे सततच्या दाबाने त्वचेवर होणाऱ्या जखमेचा असतो, कारण एकाच जागी दाब पडत राहिला तरी त्याला तो जाणवत नाही. संस्थेचे मदतनीस सकाळ-संध्याकाळ माकडहाड, बसण्याची हाडे, टाचा आणि घोटे तपासतात. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून पाहतात, आणि दाब काढल्यावरही तो फिकट झालेला नसेल तर ती जागा पूर्ण मोकळी ठेवून लगेच कळवतात. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी घालणे, चादरीवरून ओढण्याऐवजी उचलून सरकवणे, पलंगाचे डोके गरजेपेक्षा जास्त वेळ उंच ठेवून शरीर खाली घसरू न देणे, या बारीक गोष्टी त्यांना शिकवलेल्या दिसतात. आंघोळीचे पाणी आधी स्वतःच्या कोपराने पाहण्याची शिस्तही आहे, कारण ज्याला पायावर पाणी पडल्याचे कळत नाही त्याला ते कढत असल्याचेही कळत नाही.

याहून महत्त्वाचे प्रशिक्षण एका अशा धोक्याचे आहे की ज्याची माहिती अनेक रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनाही नसते. मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा तिच्या वर, म्हणजे मानेतही, इजा असेल तर खालच्या भागात काही खुपले, मूत्राशय भरून ताणले गेले, कॅथेटरची नळी पिळली किंवा मलावरोध झाला, तर रक्तदाब अचानक आणि धोकादायक चढू शकतो. डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, मानेला घाम सुटतो. मानेच्या इजेत नेहमीचा वरचा रक्तदाब शंभराच्या आसपासही असू शकतो, त्यामुळे इतरांच्या दृष्टीने जेमतेम वाढलेला आकडा त्या माणसासाठी आणीबाणीचा असू शकतो. यंत्रावरचा आकडा पाहून ‘ठीक आहे’ म्हणणारा मदतनीस त्या क्षणी जीवघेणा ठरू शकतो. अशा वेळी आडवे निजवायचे नाही, ताठ बसवायचे, कपडे आणि पट्टे सैल करायचे, लघवीची नळी आणि पिशवी आधी पाहायची, त्रासाचे मूळ सापडेपर्यंत दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजायचा आणि तो उतरत नसेल तर विनाविलंब वैद्यकीय मदत मागवायची. हा क्रम संस्थेने मोठ्या अक्षरांत छापून पलंगाजवळ लावला आहे, आणि नवीन माणूस आला की त्याच्याकडून तो तोंडी वदवून घेतला जातो. सेवा निवडताना मी एकच प्रश्न विचारू शकले असते, तर याविषयीचा विचारला असता.

पेशंट लिफ्ट, म्हणजे माणसाला झोळीत घेऊन उचलणारे यंत्र, आणि तिची झोळी संस्थेकडूनच भाड्याने मिळते. माणसाला काखेत धरून उचलण्याची जुनी सवय घरोघर आहे आणि तिचे कौतुकही होते. पण अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षाविषयक संशोधनाच्या आधारे २००७ मध्ये रुग्ण उचलण्यासाठी जी मर्यादा सुचवली गेली, ती अनुकूल स्थितीतही ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो आहे. प्रौढ माणसाचे नुसते दोन पायही एवढे भरतात. तेव्हा लिफ्ट वापरणे म्हणजे मदतनिसाचे लाड नव्हेत आणि आळस तर नव्हेच. अशा लिफ्टसाठी आयएसओ १०५३५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. यंत्र घेताना त्याचा उल्लेख आणि कमाल भाराचा आकडा यंत्रावर आहे का ते पाहावे. झोळीच्या बाबतीत मात्र मला तक्रार करावी लागली. पहिली झोळी एक माप मोठी होती, त्यामुळे उचलताना शरीर मध्ये दुमडून खाली सरकत होते. कळवल्यावर संस्थेने ती बदलून दिली, परंतु माप घेणे हे पाहणीच्या वेळचे काम होते. झोळीची शिवण, पट्ट्यांची टोके आणि धुण्याच्या सूचना असलेले लेबल दर वापरापूर्वी पाहायचे असते. लेबल वाचता येईनासे झाले तर झोळीचे माप आणि भारमर्यादा कळण्याचा मार्गच उरत नाही.

येथपर्यंतची सेवा मी कोणालाही निःशंकपणे सुचवली असती. अडचण पुढे सुरू होते.

संस्थेच्या मोबाईल अॅपमध्ये ‘ग्राहक’ म्हणून माझे नाव आहे. मदतनीस उशिरा येणार असेल तर संदेश मला येतो. बदली माणूस पाठवायचा असेल तर होकार माझ्याकडे मागितला जातो. दिवसाची पाळी संपली की ‘आजची सेवा समाधानकारक होती का?’ हा प्रश्न माझ्या फोनवर उमटतो, आणि त्या वेळी मी अनेकदा घरीही नसते. ज्याला आंघोळ घातली, ज्याला उचलले, ज्याच्या वेळापत्रकावर त्या दिवशी परिणाम झाला, तो माणूस शेजारच्या खोलीत संगणकावर काम करीत असतो. त्याचा फोन सुरू असतो, त्याची सहीही चालते. आम्ही हे लेखी कळवले तेव्हा संस्थेने त्याचे नाव ‘रुग्ण’ या रकान्यात जोडले आणि संदेश दोघांनाही पाठवायला सुरुवात केली. निर्णयाचा अधिकार असलेला रकाना मात्र ‘जबाबदार नातेवाईक’ या नावानेच राहिला. तो रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही, हे मला मान्य आहे. ज्याची काळजी घेतली जाते तो निर्णय घेण्यास असमर्थ, अशी समजूत संगणकाची प्रणाली बनवणाऱ्याच्या मनात होती आणि ती रकान्यात उतरली, इतकेच.

ही समजूत नवी नाही आणि तिच्याविरुद्धचा लढाही नवा नाही. अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी, पोलिओ झाला; मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झाले आणि श्वासासाठी यंत्र लागू लागले. पुढे ते बर्कलीच्या विद्यापीठात शिकले आणि १९७२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे स्वतंत्र जीवन केंद्र उभारले. स्वातंत्र्य म्हणजे सगळे स्वतःच्या हाताने करणे नव्हे, तर आपल्या आयुष्याचे निर्णय आपल्या हाती असणे, ही त्या चळवळीची भूमिका होती. कॅलिफोर्नियाच्या ज्या पुनर्वसन खात्याने त्यांना नोकरीसाठी अतिअपंग ठरवले होते, त्याच खात्याचे ते १९७५ मध्ये प्रमुख झाले. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचे बारावे कलम कायद्यापुढील समान मान्यतेचे आणि एकोणिसावे कलम समाजात स्वतंत्रपणे राहण्याचे आहे. त्या एकोणिसाव्या कलमात वैयक्तिक साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ही सेवा त्या व्यक्तीच्या नियंत्रणाखाली असली पाहिजे, मदतनीस कोण असावा आणि त्याने काय, केव्हा, कसे करावे हे तिने ठरवावे, असे करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१७ मध्ये सविस्तर मांडले आहे.

ज्यांचे अपंगत्व बौद्धिक आहे त्यांचे काय, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. बारावे कलम त्यांनाही लागू आहे. निर्णय काढून घेण्याऐवजी तो घेण्यासाठी आधार द्यावा, असा त्याचा रोख आहे. सोप्या भाषेत समजावणे, चित्रे दाखवणे, पुरेसा वेळ देणे, विश्वासातल्या माणसाला सोबत बसवणे, हे तो आधार देण्याचे मार्ग आहेत. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातही मर्यादित पालकत्वाची व्याख्या परस्पर समज आणि विश्वासावर आधारलेली संयुक्त निर्णयपद्धती अशीच आहे, ठरावीक निर्णयापुरती आणि ठरावीक काळापुरती. या कसोटीवर पाहिले तर ‘जबाबदार नातेवाईक’ हा रकाना भावासारख्या माणसासाठी अनावश्यक आहे आणि इतरांसाठी अपुरा.

रकान्यापुरतेच हे राहत नाही. भावाला आठवड्यातून काही वेळा व्हीलचेअरवर एकट्याने बाहेर जायचे असते. संस्थेचे म्हणणे असे की, पाळीच्या वेळेत तो बाहेर गेला तर मदतनिसाने सोबत जायलाच हवे, नाहीतर ‘नातेवाइकाने’ जोखीम मान्य केल्याचे लिहून द्यावे. त्याच्या बाहेर जाण्याला माझी सही! अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्क यांनी १९७२ मध्ये जोखमीतल्या सन्मानाची कल्पना मांडली: अपंग माणसाला सर्व धोक्यांपासून झाकून ठेवले, तर माणूस म्हणून वाढण्याची संधीही त्याच्यापासून झाकली जाते. संस्थेला आपले उत्तरदायित्व सांभाळायचे आहे, हे रास्तच आहे. पण तो कागद त्याच्या सहीने का चालू नये, याचे उत्तर आम्हाला बरेच दिवस मिळाले नाही. अखेर चालला. त्यात बॅटरी किती भरलेली असावी, दाब कमी करण्यासाठी खुर्ची केव्हा मागे झुकवायची, फोन कोठे अडकवायचा आणि अडचण आल्यास कोणाला बोलवायचे, हे त्यानेच लिहिले. संस्थेच्या छापील नमुन्यापेक्षा तो कागद अधिक उपयोगाचा निघाला.

सातत्याविषयी थोडक्यात. मुख्य मदतनीस चांगला आणि टिकून राहिलेला आहे. बदली माणसे मात्र वारंवार वेगळी येतात. आपल्या शौचाची पद्धत दर वेळी नव्या अनोळखी माणसाला पहिल्यापासून सांगावी लागणे हा किती शिणवणारा प्रकार आहे, ते सांगणाऱ्यालाच कळते. संस्थेने दोन ठरावीक बदली माणसे नेमून त्यांना वर्षातून काही वेळा मुख्य मदतनिसासोबत काम करू द्यावे, ही आमची मागणी अर्धीच मान्य झाली आहे.

सेवा घेतल्याने कुटुंबाची जबाबदारी संपत नाही, तिचे रूप बदलते, आणि याविषयी संस्था कोणालाही काही सांगत नाही. घरी येणारा माणूस काम करायला आलेला असतो. त्याला बसायला जागा, जेवायला निवांत वेळ, स्वच्छतागृह, हातमोजे आणि ठरलेल्या वेळी सुटका मिळालीच पाहिजे. करारात नसलेली घरकामे त्याच्या गळ्यात मारणे, ‘आज जरा तासभर थांब’ असे रोज म्हणणे, या गोष्टींनी चांगली माणसे निघून जातात आणि मग तीच कुटुंबे संस्थेच्या नावाने बोटे मोडतात. दुसरीकडे, मदतनिसाने घरातील गोष्टी बाहेर न बोलणे, औषधाच्या मात्रेत स्वतःच्या मनाने बदल न करणे आणि चूक झाल्यास ती नोंदवहीत लिहिणे, ही त्याची बाजू आहे. नोंदवही भावाला वाचायला मिळते, ही या सेवेतील मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट आहे. त्याच्याविषयी काय लिहिले जाते ते त्याला ठाऊक असते आणि चुकीचे असेल तर तो ते दुरुस्त करून घेतो.

काळजी घेणाऱ्या नातेवाइकांवरील भार मोजण्याची एक प्रश्नावली स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये तयार केली. तिचे बावीस प्रश्नांचे रूप आजही सर्वत्र वापरले जाते. आमची संस्था ती वर्षातून एकदा भरून घेते, जे स्तुत्य आहे, पण त्यानंतर काय करायचे याची तिच्याकडे योजना नाही. कुटुंबीयांना काही दिवस उसंत मिळावी म्हणून पूर्णवेळ माणूस देण्याची सोय माहितीपत्रकात आहे. प्रत्यक्षात ती फार आधी नोंदवावी लागते. थकवा कोणी आधी नोंदवून येत नसतो. शिवाय पाळ्या जुळवणे, कॅथेटर आणि हातमोजे संपण्यापूर्वी मागवणे, डॉक्टरांच्या सूचना मदतनिसापर्यंत पोचवणे हे समन्वयाचे काम कोणाच्याही पाळीत धरलेले नाही. ते घरातली एखादी व्यक्ती करते, आणि बहुतेक घरांत ती बाईच असते.

यातील पुष्कळसे प्रश्न पैसा कोणाच्या हातातून जातो यावर अवलंबून असतात. स्वीडनमध्ये १९९४ पासून लागू असलेल्या कायद्याने मोठी गरज असलेल्यांना वैयक्तिक साहाय्याचा हक्क दिला, आणि ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने सेवेऐवजी रक्कम थेट व्यक्तीला देण्याची वाट मोकळी केली. अशा व्यवस्थेत मदतनिसाची निवड, त्याचा पगार आणि रजा हे सगळे अपंग व्यक्तीकडे येते. स्वातंत्र्य वाढते आणि मालकपणाची कटकटही. संस्थेमार्फत सेवा घेतली की हिशेब आणि बदली माणूस शोधण्याची चिंता सुटते, पण निवडीचा अधिकार संस्थेकडे जातो. कोणत्या गोष्टीची किंमत आपण कशाने देत आहोत, ते करार करण्यापूर्वी ज्याला सेवा लागते त्याच्याशी बोलून ठरवावे.

आम्ही सध्या दोन्हींचा मेळ घातला आहे. सकाळचे आवरणे, कॅथेटर आणि रात्रपाळी संस्थेकडे ठेवली आहे, कारण त्या कामातील तिचे प्रशिक्षण बाहेर मिळणे कठीण आहे. दिवसाच्या वेळेसाठी भावाने स्वतः मुलाखती घेऊन एक मदतनीस ठेवला आहे. पेशंट लिफ्ट आणि रक्तदाबाच्या आणीबाणीचे शिक्षण त्याला संस्थेच्या परिचारिकेने शुल्क घेऊन दिले. नव्याने गंभीर इजा झालेल्या, रुग्णालयातून नुकतेच घरी आलेल्या माणसाच्या कुटुंबाने ही सेवा जरूर घ्यावी. सुरुवातीच्या महिन्यांत तिच्याइतका आधार दुसरीकडून मिळणे अवघड आहे. ज्याचे आयुष्य पुन्हा मार्गी लागले आहे आणि ज्याला घराबाहेरची कामे आहेत त्याने पूर्ण वेळेचा करार टाळून ठरावीक कामांपुरता करावा, बदली माणूस किती तासांत मिळेल आणि सेवा थांबवण्याची सूचना किती दिवस आधी द्यावी लागेल हे लेखी घ्यावे, आणि ‘ग्राहक’ या रकान्यात स्वतःचेच नाव व स्वतःचाच फोन क्रमांक असल्याशिवाय सही करू नये.